वाळूवरची फेरी

नदीला पाणी नव्हतं, एवढं सोडलं तर नाव चालवायला सगळं व्यवस्थित होतं. नाव होती, दोन वल्ही होती, नावाडी होता, आणि पलीकडच्या थडीवर छत्री उघडून उतारूसुद्धा उभा होता.

“नाव आणा रे!” उतारू ओरडला.

उतारू म्हणजे शिंपी. घर पलीकडे, शिलाईचं मशीन अलीकडे बाजारात. एक पाय लहानपणापासून अधू. बाकीचं गाव चपला हातात घेऊन वाळूतून नदी ओलांडायचं. शिंप्याची कुबडी मात्र वाळूत रुतायची. त्यामुळे साऱ्या पंचक्रोशीत नावेची खरी गरज असलेला तो एकटाच माणूस उरला होता, आणि हे त्याला नीट कळलं होतं.

“पाण्यात असताना बरी वेळेवर यायची!” तो ओरडला.

“पाण्यात पाणी न्यायचं, काका,” नावाड्याचा धाकटा भाऊ इकडून म्हणाला. “आता आम्ही नेतो.”

नावाड्याने खांद्यावर फडक्याची घडी ठेवली, घडीवर दोर घेतला. धाकट्याने दुसरा दोर घेतला. नावाड्याच्या बायकोने मागून फळीला छाती लावली. म्हातारी आई पुढे जाऊन उभी राहिली आणि वाट दाखवू लागली. समोर सपाट वाळूखेरीज काही नव्हतं, पण नावेला वाट दाखवावी लागते यावर तिचा ठाम विश्वास होता.

“चिंचेवरून नजर काढू नका,” ती म्हणाली. “चिंच ते आपल्या घराचा कोपरा. तुझा बाप याच रेषेने न्यायचा. रेषेबाहेर खडक आहे.”

“आई, खडक दिसतोय,” धाकटा म्हणाला. “तो बघ, त्यावर कुत्रं बसलंय.”

“मग? दिसतोय म्हणून त्यावर घालायची का नाव?”

नाव हलली. वाळू तळाखाली करकरली, थोडी सरकली, थांबली. पुन्हा करकरली. चिंचेखाली पोचेपर्यंत नावाड्याच्या मानेवरची शीर दोराएवढी झाली होती. शिंपी नावेत चढला, कुबडी आडवी ठेवली, छत्री डोक्यावर धरली आणि म्हणाला, “हळू घ्या. काल फार हलली.”

हे सगळं सुरू झालं ते कचेरीत.

दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली होती. जे काय पडलं ते वरच्या धरणाने शहरासाठी अडवून ठेवलं. नदी कोरडी पडली, आणि कोरड्या नदीत वाळू असते हे ठेकेदाराच्या लक्षात आलं. वरच्या अंगाला त्याची यंत्रं उतरली. तिकडच्या गावांतली माणसं पात्रात झिरे खणून पाणी काढत. वाळू गेली तसे त्यांचे झिरे गेले, झिऱ्यांपाठोपाठ माणसं गेली. आता यंत्रं खाली सरकत होती. मध्ये होता तो नावेचा धक्का. चालू धक्क्याच्या दोन्ही अंगांची वाळू उचलायची नाही असा नियम होता, आणि त्याच टापूत गावाचा झिरा होता. सगळं गाव तिथलं पाणी प्यायचं.

म्हणून नावाडी आणि गावची चार वडीलधारी माणसं कचेरीत गेली. साहेबाने त्यांना बाकावर बसवलं, मग उठवलं, मग पुन्हा बसवलं. शेवटी म्हणाला, “नाव चालू आहे तोवर धक्का चालू. फेरी बंद पडली की हक्क संपला, टापू ठेक्यात गेला. हंगाम संपताना मी पाहणीला येईन.”

“पण साहेब, पाणीच नाही,” नावाडी म्हणाला.

“पाणी माझ्या खात्याकडे येत नाही.”

“मग नाव चालवायची कशी?”

“ते नावाड्याने बघायचं,” साहेब म्हणाला. त्यात वावगं असं काहीच नव्हतं.

 परतताना वाटेत एक जण म्हणाला, “त्याने पाण्याचं नावसुद्धा काढलं नाही. फेरी म्हणाला. फेरी कशावरून, ते कुठे म्हणाला?” त्यावर कोणी हसलं नाही, आणि तिथेच ते ठरलं.

पहिल्या दिवशी नाव ओढायला सगळं गाव आलं. एवढी माणसं दोराला लागली की नाव पलीकडे पोचली तरी थांबेना. दुसऱ्या दिवशी निम्मं गाव आलं. पुढे ज्याला त्याला आपापलं काम आठवलं, आणि मग गाव फक्त सल्ले द्यायला येऊ लागलं. वाळूत ओंडके घाला. तळाला साबण लावा. रेडा जुंपा. रेडा कुणाचा, हे मात्र कोणी सांगेना. शेवटी दोराला घरचीच माणसं उरली. गावाने त्यांचं नाव ‘आरमार’ ठेवलं आणि आपलं कर्तव्य पुरं केलं.

लाकडाची नाव कोरडी राहिली की फळ्या आवळतात, सांधे उघडतात. नावाड्याने सांध्यांत काथ्या ठोकला, वरून डांबर फासलं. दोन दिवसांत उन्हाने डांबर ओघळलं आणि काथ्या म्हाताऱ्याच्या कानातल्या केसांसारखा बाहेर आला. नावेला पाणी पाजायला हवं होतं. पाणी झिऱ्यातून यायचं, तेही बायकोने वाटीवाटीने बादलीत भरलेलं. ते नावेत कोण ओतणार?

तोडगा म्हातारीने काढला.

“आंघोळ नावेत करायची,” ती म्हणाली. “पाणी अंगावरून गेलं काय, नावेत पडलं काय. दोघांचं भागतं.”

तेव्हापासून घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी नावेत होऊ लागल्या. दोन वल्ही उभी करून त्यांना चादर बांधायची आणि आत बसायचं. भांडी नावेत, कपडे नावेत. म्हातारी पत्र्याच्या डब्याने अंगावर पाणी घ्यायची आणि मध्येच एखादा डबा फळीवर ओतायची, “तू पण घे गं” म्हणून. सकाळी शिंपी चढायचा तेव्हा तळात साबणाचं गढूळ पाणी डुचमळत असायचं.

“माझ्या विजारीला तुमच्या घरचा वास येतो,” शिंपी म्हणाला.

“शिंपी आहेस, दुसरी शिव,” म्हातारी म्हणाली.

वरच्या अंगाचे ट्रकवाले दुपारी चहाला थांबत. नाव चालली की ते थडीवर रांगेने बसून बघायचे. एकाने फोन काढून त्यांचा व्हिडिओ घेतला. त्यात धाकटा दोर खेचताना तोंडावर पडतो आणि मागून छत्रीतला आवाज येतो, “काय झालं? लागली का थडी?” तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. धाकट्यासाठी मुलगी सांगून आली होती, तिच्याकडेही पोचला. तिकडून निरोप आला, मुलगा चांगला आहे, पण आम्हाला घाई नाही.

त्या दिवशी धाकट्याने दोर खाली टाकला.

“दादा, चाकं लावू. माझ्या ओळखीचा गॅरेजवाला आहे. जुन्या गाडीचा आस मिळेल. एका माणसाने ढकलली तरी जाईल.”

“चाकं लावली की ती गाडी,” नावाडी म्हणाला. “गाडीला धक्क्याचा हक्क नाही.”

“आणि ही काय आहे मग?”

“नाव.”

“नाव! आत आंघोळी चालतात, बाहेर माणसं जुंपलेली, वर शिंपी. हिला नाव म्हणणारा एक तू आणि एक तो साहेब.”

“साहेबाने म्हटलं म्हणजे झालं ना? आपल्याला त्यालाच दाखवायचीय.”

धाकट्याने सदरा बाजूला केला. खांद्यावर दोराचा वळ होता, ओला, कडेने पिवळा. “हे कोणाला दाखवू?”

 नावाड्याने आपला खांदा दाखवला नाही. दाखवला असता तर भांडण तिथेच संपलं असतं. वहिनीने हळद आणली, धाकट्याच्या खांद्याला लावली, मग उरलेली नवऱ्याच्या.

“त्या ठेकेदाराने मला विचारलंय,” धाकटा तिला हळूच म्हणाला. “ट्रक चालवशील का म्हणून. लायसन आहे माझ्याकडे.”

“मग? काय म्हणालात?”

“म्हणालो, सध्या आरमारात आहे.”

हंगाम उतरणीला लागला. ऊन एवढं चढलं की दुपारी वाळूवर पाय ठेवला तर माणूस नाचत घरी यायचा. झिरा खोल गेला. बायको आधी वाकून पाणी काढायची, मग गुडघ्यावर बसून, मग आत उतरून. नुसता हात वर यायचा, हातात वाटी. पण गाव पीत होतं.

एक गोष्ट मात्र सुधारत होती. ओढणं सोपं होत चाललं होतं. आधी नाव अडायची, रुतायची. आता दोर ताणला की ती मुकाट्याने मागे यायची. बायकोला मागून छाती लावावी लागेना, नुसता हात पुरे.

“अंग कमावलं आपण,” नावाडी म्हणाला आणि दंड चाचपून बघितला.

“तुझा बापही असाच होता,” म्हातारी म्हणाली. “उशिरा जोर यायचा.”

नावेचा तळ गळत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. आंघोळीचं पाणी फळ्यांतून ठिबकायचं, चिंचेपासून घराच्या कोपऱ्यापर्यंत. त्यात साबण, भांड्यांची राख, अंगाचा मळ, वर नावेचं वजन आणि शिंपी. तेही रोज, त्याच रेषेवरून. खाली काय तयार होतंय याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. नावाडी चिंचेकडे बघत चालायचा. तसंच चालायचं असतं.

पाहणीला साहेब जीपने आला. सोबत ठेकेदारही होता. म्हणाला, सहज आलो. म्हातारीने चादर काढून ठेवली होती, नाव आतून घासली होती. नावाड्याने धुतलेला सदरा घातला होता, त्यावर पहिल्याच खेपेत दोराचा डाग पडला. सगळं गाव थडीवर जमलं होतं.

“नाव आणा रे!” शिंपी पलीकडून ओरडला. आज त्याच्या आवाजात वेगळीच ऐट होती. त्याने कोट घातला होता.

नाव गेली, शिंप्याला घेऊन आली. साहेब घड्याळाकडे बघत होता, पण बघत होता. “मला बसता येईल?” त्याने विचारलं.

“या ना साहेब! नाव तुमचीच आहे.”

साहेब चढला. बूट तळातल्या पाण्यात बुडाले. “पाणी आहे की,” तो म्हणाला.

“थोडं,” नावाडी म्हणाला.

त्याला पलीकडे नेलं. कोणी धडपडलं नाही, कोणी पडलं नाही. धाकट्याने तर वाटेत शीळ घातली. चिंचेखाली उतरून साहेबाने नावाड्याच्या पाठीवर हात ठेवला. “फेरी चालू आहे. मी स्वतः बसलो. तसं मी लिहीन.”

थडीवरून गाव ओरडलं. म्हातारीने नावेला हात लावून तो कपाळाला लावला. नावाड्याला काय बोलावं सुचेना, म्हणून तो म्हणाला, “साहेब, परत नावेने चला.”

“नको, बूट ओले झालेत. चालत जातो.”

आणि साहेब चालू लागला. वाळूतून नाही, रेषेवरून. दहा पावलं गेला आणि थांबला. पाय आपटून पाहिला. पुन्हा आपटला. टाचेने उकरून पाहिलं. टाच आत जाईना. त्याने अलीकडे हात केला आणि ड्रायव्हरला हाक मारली, “गाडी घेऊन ये रे इकडे!”

“साहेब, रुतेल,” नावाडी म्हणाला. तळमळीने म्हणाला. वाळूत गाडी रुतते हे त्याने जन्मभर पाहिलं होतं.

जीप उतरली. घराच्या कोपऱ्यावरून रेषेला लागली आणि चिंचेकडे नजर ठेवून सरळ आली. रुतली नाही, घसरली नाही, साधी डगमगलीसुद्धा नाही. साहेबाजवळ येऊन थांबली.



“हा तर रस्ता आहे,” साहेब म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, उलट कौतुक होतं. “कोणी केला?”

सगळे नावेकडे बघू लागले.

“जिथे गाडी जाते तिथे नावेचा धक्का कशाला? असा धक्का ठेवता येत नाही. मी नाही म्हणत; नियम म्हणतो.”

“साहेब, ती फेरीची खूण आहे. नाव घासून झालीय,” नावाडी म्हणाला. “आमच्या आंघोळीचं पाणी आहे ते.”

“असेल. पण गाडी गेली ना?”

“आणि साहेब, झिरा? झिरा तिथेच आहे. गाव काय पिणार?”

साहेबाने झिऱ्याकडे पाहिलं. खड्ड्यातून एक हात वर आला, बादलीत वाटी रिकामी करून पुन्हा खाली गेला. “पाणी माझ्या खात्याकडे येत नाही,” तो म्हणाला. या खेपेला जरा हळू म्हणाला. मग जीपमध्ये बसला.

ठेकेदार मागे राहिला. तो रेषेवरून एकदा चालत पलीकडे गेला, एकदा अलीकडे आला. “भरलेला ट्रक पेलेल,” तो स्वतःशीच म्हणाला. मग नावाड्याला म्हणाला, “माझा इंजिनियर तीन महिने डोकं खाजवतोय, या वाळूत रस्ता कसा टिकवायचा. साबण घातलाय का यात?”

घरी कोणी कोणाला दोष दिला नाही. त्यासाठी आधी कोणीतरी बोलायला हवं होतं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून निजली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “तुझा बाप याच रेषेने न्यायचा.”

“हो आई.”

“पाण्यात रेष उमटत नाही रे. मला कसं सुचायचं?”

सकाळी धाकट्याने पिशवी भरली. नावाडी दारात बसून दोराची गाठ सोडवत होता. दोराचं आता काही काम नव्हतं.

“जातोय,” धाकटा म्हणाला.

“तिकडेच?”

“मग कुठे? इथे ओढायला काय उरलंय?” त्याने पिशवी उचलली. “दादा, मी नाही चालवला तर दुसरा चालवेल.”

“हो. दुसराच चालवेल,” नावाडी म्हणाला. गाठ सुटली नाही.

ट्रक आले. आरमाराच्या वाटेने रांगेने आले, रिकामे उतरायचे आणि भरलेले चढायचे. त्यांच्या चाकांनी रस्ता आणखी पक्का झाला. शिंप्याला आता रोज कोणीतरी ट्रकवाला विचारायचा, “काका, बसता का?” तो मान फिरवायचा. चिंचेखाली छत्री उघडून उभा राहायचा, दोनदा हाक मारायचा आणि घरी परत जायचा. बाजारातलं त्याचं मशीन बंद होतं. गावाचे फाटके कपडे फाटकेच राहिले.

यंत्र झिऱ्याच्या अलीकडे पोचलं तेव्हा पाण्याला डिझेलचा वास येऊ लागला. नंतर वास गेला. पाणीही गेलं. बायको शिडी लावून खाली उतरली, ओल्या वाळूची मूठ घेऊन वर आली आणि ती मूठ घरात आणून तिने नवऱ्यासमोर जमिनीवर ठेवली. दोघांनी ती वाळेपर्यंत पाहिली.

म्हातारी उठून बसली. “चला,” ती म्हणाली. “मला आंघोळ घाला.”

“आई, पाणी कुठाय?”

“नाव कुठाय?”

नावाड्याने दोर घेतला. बायकोने मागून छाती लावली. पुन्हा लावावी लागली, कारण दोराला आता एकच माणूस होता. घराच्या कोपऱ्यापासून त्यांनी नाव रेषेवर आणली आणि पात्राच्या मधोमध फिरवून रस्त्यावर आडवी केली. दोन वल्ही उभी केली, चादर बांधली. म्हातारी आत जाऊन बसली. बादली आणि पत्र्याचा डबा तिने सोबत नेला.

पहिला ट्रक आला आणि थांबला. हॉर्न वाजला.

“आंघोळ चाललीय,” चादरीमागून आवाज आला.

हॉर्न बंद झाला. दार उघडून धाकटा खाली उतरला. नावेकडे येता येता अर्ध्यावर थांबला आणि पाठ करून उभा राहिला.

“आई, बाजूला घे ना. मागे गाड्या लागल्यात.”

“घेते की. झाली की घेते.”

“किती वेळ?”

“लहानपणी तुला घालायचे तेव्हा मी वेळ बघितला होता का?”

मागे आणखी ट्रक येऊन उभे राहिले. कोणी खाली उतरलं, पुढे आलं, चादर आणि चादरीवर दिसणारं पिकलं डोकं पाहिलं, आणि मान खाली घालून परत गेलं. ठेकेदाराला फोन गेला. त्याने विचारलं, आंघोळीला एवढा वेळ? मग म्हणाला, थांबा, यंत्र पाठवतो, नाव उचलून बाजूला ठेवू. म्हातारीसकट उचलायची की म्हातारीविना, ते तो बोलला नाही.

नावाडी वल्ह्याला धरून उभा होता. भावाकडे त्याने पाहिलं नाही.

धाकटा पाठमोराच होता. त्याने आवाज ऐकला: पत्र्याचा डबा फळीवरून घासत गेला, बादलीच्या तळाला लागला, वर आला. आता पाणी पडल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. डबा पुन्हा घासत गेला. बादलीचा तळ पुन्हा वाजला, कोरडा. पुन्हा काही पडलं नाही.

तो ट्रककडे गेला, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि चाकाला टेकून खाली बसला.

“काय झालं रे पुढे?” मागचा ड्रायव्हर ओरडला.

“थांबा,” धाकटा म्हणाला. “आईची आंघोळ व्हायचीय.”

वरच्या अंगाने यंत्राची घरघर सुरू झाली. ती जवळ येत होती. पलीकडे चिंचेखाली छत्री उघडली, आणि हाक आली, “नाव आणा रे!”

“पाठ राहिली,” म्हातारी म्हणाली.

सुनेने चादरीच्या आत जाऊन कोरड्या हाताने तिची पाठ चोळायला घेतली.